मोसंबीच्या सालीचं उटणं

आमच्या शेजारच्या काकू मोसंबीच्या साली सावलीत वाळवतात, कचोरा आणि आंबेहळदीसोबत कुटतात, जुन्या लुगड्यातून गाळतात. मग चिमूटभर नाकाशी धरून स्वतःलाच सांगतात, "बराबर." दर दिवाळीला या उटण्याच्या पुड्या बांधून त्या गल्लीभर वाटायच्या. लोक गोड हसून घ्यायचे. पण नवरा गेलेल्या बाईच्या हातचं म्हणून सणाला कुणी ते लेकरांच्या अंगाला लावायचं नाही. आमच्या सासूबाई त्यानं समया घासायच्या. काकूंनी कधी विचारलं नाही, वाटणंही सोडलं नाही.

यंदा मात्र त्यांनी छापील, चिकटवलेली पाकिटं दिली. "आता होत न्हाई बाई. जालन्याहून विकतचं आणलं."

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघरच्या न्हाण्यांमधून मोसंबीचा वास सुटला. सासूबाई नातवाला चोळत म्हणाल्या, "बघ, विकतचं ते विकतचं!"

मी बाहेर आले. काकू पायरीवर बसून तो वास घेत होत्या. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"पाकीट तेवढं विकतचं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला सांगू नको. एवढ्या थंडीत लेकरांना पुन्हा न्हाऊ घालतील."