डोळे बांधून केलेली तपासणी

कुष्ठरोगाच्या कामात मी शिव्या पुष्कळ खाल्ल्या, पण हात एकदाच उचलला. मंठ्याजवळच्या एका गावात.

त्या गावात मी पारावर लोकांना तपासणी करून दाखवली होती. डोळे मिटायला लावायचे, चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवायचं. कळलं नाही तर दवाखान्यात या. भाषण रंगलं, टाळ्या पडल्या, मी खूश होऊन घरी आलो. आठ दिवसांनी तिथल्या आशाताईंचा फोन आला, जल्दी या.

ज्या बाईसाठी बोलावलं, तिच्या गोळ्या मीच पुऱ्या करून घेतल्या होत्या. आजार गेला होता. उजव्या हाताची बोटं तेवढी बधिर राहिली होती. नवरा वारलेला, आणि दिराला ती घरात नको होती. त्याने भावकी जमवली. चटका कळला तर राहील, नाही कळला तर आजच निघेल, असं ठरलं. तीही तयार झाली, न होऊन जाते कुठे. मग तिचे डोळे पंच्याने बांधले आणि चुलीत लाल केलेलं उलथणं बोटांवर ठेवलं.

मी पोचलो तेव्हा ती अंगणात बसली होती. बोटांची कातडी सोलून लोंबत होती. कपड्यांचं गाठोडं दाराबाहेर फेकलेलं. दीर शांतपणे म्हणाला, "तुम्हीच तं सांगितलं साहेब, कळत न्हाई म्हंजे रोग हाये."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो पडला तरी कॉलर सोडली नाही. डोकं ओट्यावर आपटणारच होतो, चौघांनी मला मागे ओढलं. त्याची लाज मला आजही वाटत नाही. संताप त्याच्यावर होता आणि त्याहून जास्त माझ्यावर. बरं झाल्यावरही बधिरपणा उरू शकतो, हे एक वाक्य माझ्या भाषणात राहून गेलं होतं. ते मी आता घसा फोडून सांगत होतो. कोणी ऐकलं नाही.

जालन्याच्या दवाखान्यात पट्टी बांधत असताना मी चिडूनच विचारलं, "ताई, तुम्ही गप्प कशा बसलात?"

"वरडायचं ठरवलंच होतं, भाऊ," ती म्हणाली. "म्हणलं, टेकलं की वरडू, मंग घरात ऱ्हाता येईल. पण कधी टेकलं तेच कळलं न्हाई. जळल्याचा वास आला तवा वरडले. तवर समद्यांनी बघितल्तं."