पहिला खेळ घरच्यांचा

बाई गेल्याचं मला एका फोटोवरून कळलं. मी शिकवते ती शाळा सुटायच्या वेळी तो फोनवर आला. भोवती गुलाबांची झालर, खाली दोन पणत्या आणि मधोमध माइक धरलेल्या कुमुदबाई. हा फोटो त्यांना अजिबात आवडायचा नाही. "मतं मागायला निघाल्यासारखी दिसते मी त्यात," म्हणायच्या. घरच्यांना कुणी विचारलंही नव्हतं. बाईंच्या पुतण्यालासुद्धा तो फोटो कुणा तिसऱ्याच माणसाने पाठवला होता. मला रडू नंतर आलं. आधी राग आला, आणि इतके आठवडे झाले तरी तो गेलेला नाही.

बाई इथेच, बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात राहायच्या. मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक साधा कॅमेरा घेतला आणि आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना गोळा करून 'शेजारपाजार' नावाची फिल्ममालिका सुरू केली. शाळा सुटलेल्या मुली, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, गटारीवरून अबोला धरलेली दोन घरं... विषय आमच्याच गल्ल्यांतले. फिल्म झाली की चौकात पांढरी चादर बांधून दाखवायची आणि मग तिथेच बसून लोकांना बोलतं करायचं. पण चौकाच्या आधी एक खेळ ठरलेला असे. पहिला खेळ घरच्यांचा. ज्याची फिल्म, त्याच्या घरी जाऊन दाखवायची आणि तो म्हणेल ते काढायचं. कारण विचारायचं नाही. कधी माणसं मन बदलून "राहू द्या" म्हणत, म्हणून मूळ चित्रण चौकातल्या खेळापर्यंत कॉम्प्युटरवर राही. खेळ झाला की बाई त्या माणसाला समोर बसवत आणि त्याच्याच बोटाने ते पुसून घेत.

या नियमापायी आमची फार पंचाईत व्हायची. इतवारा मोहल्ल्यातली एक आजी फिल्म पाहून म्हणाली, "माझ्या मागे ती मळकी बादली सवतीसारखी काय बसलीये? तिला काढा, मला ठेवा." बादली एकटी कशी काढणार? बाईंनी सगळा प्रसंग पुन्हा घेतला. आजी नवी साडी नेसून बसली आणि एक शब्द बोलेना! माझ्या वडिलांच्या बाबतीतही तेच झालं. मी जवळच्या तुकईथड गावची, वडील केळीच्या बागेत मजुरी करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अर्ज कसा भरायचा इथपासून बाईंनी माझा हात धरला होता. त्यांनी वडिलांवर फिल्म केली, तिच्यात ते अनवाणी बागेतून चालत जातात असं एक दृश्य होतं. ओल्या मातीत उमटत जाणारी पावलं... घरी दाखवलं तेव्हा वडील हळूच म्हणाले, "पोरगी कॉलेजात आहे. पायात चप्पल नाही, असं दिसायला नको." बाईंनी ते काढलं. परतताना मी कुरकुरले, "बाई, सगळ्यात सुंदर तेच होतं." "असेल. पण पाय त्यांचे आहेत," त्या म्हणाल्या.

शेवटची फिल्म इतवाऱ्यातल्या एका वहिनींची होती. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नवरा गेल्यावर साड्यांना फॉल-पिको करून त्या घर चालवतात. बोलता बोलता त्या सासरच्या माणसांबद्दल काही बोलून गेल्या होत्या. घरच्या खेळात ते ऐकताना त्यांनी मान खाली घातली. "हे काढून टाका ना बाई. मी बोलून गेली... रोज दिरांच्याच नळावर पाणी भरते मी." बाई म्हणाल्या, "काढलं." फिल्ममधून ते गेलं. पण चौकातला खेळ व्हायच्या आतच बाई आजारी पडल्या. दवाखान्यात त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "वहिनींचं पुसायचं राहिलंय गं. बरी झाले की दोघी जाऊ." त्या बऱ्या झाल्या नाहीत.

मग शोकसभा झाली. बाई हयात असताना ज्या मंडळींनी त्यांना हॉल देताना "मॅडम, काहीतरी पॉझिटिव्ह बनवा, शहराची बदनामी होते" असं ऐकवलं होतं, त्याच मंडळींनी भरवलेली. बॅनरवर पाहुण्यांचा फोटो बाईंच्या फोटोपेक्षा मोठा. जुने फोटो हवेत म्हणून त्यांनी पुतण्याकडून बाईंचा कॉम्प्युटर नेला होता, त्या भल्या मुलाने विश्वासाने दिला. भाषणं झाली, दिवे मालवले आणि पडद्यावर वहिनी आल्या. तेच काढलेलं बोलणं, वर बासरीचं संगीत चढवलेलं. वहिनी बायकांत बसल्या होत्या. त्यांचे दीर पुढच्या रांगेत होते. मी उठून ओरडले, "बंद करा ते!" आयोजकांपैकी माइक धरलेले गृहस्थ मऊ आवाजात म्हणाले, "ताईंना भावना अनावर झाल्या आहेत. कुणीतरी पाणी द्या त्यांना." माझा संतापही त्यांनी श्रद्धांजलीत जमा करून टाकला!

दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांच्या नळाला कुलूप होतं. वहिनी हंडा घेऊन गल्लीच्या टोकाला गेल्या, अजून तिथेच जातात. तोवर ती क्लिप गावभर फोनांवर फिरत होती. मी त्या गृहस्थांच्या दुकानात गेले. ते गादीवरून हलले नाहीत. "अरे बहन, पूरा हॉल रो रहा था! अजून काय पाहिजे?"

"वहिनींना विचारलं होतं का?"

"त्यांना काय विचारायचं? फिल्म तर मॅडमची आहे ना."

ज्या बाईने आयुष्यात एक बादलीसुद्धा न विचारता दाखवली नाही, तिच्या नावाने हे उत्तर. मी म्हटलं, इतवाऱ्यात चला, त्यांच्या दारात उभे राहून माफी मागा. "देखते हैं," म्हणाले. अजून बघतायत. आता त्यांना बाईंच्या नावाने महोत्सव करायचा आहे. मला उद्घाटनाला दीप लावायला बोलावलंय. मी जाणार नाही.

पुतण्याने कॉम्प्युटर परत आणला, तेव्हा मी तो रिक्षात घालून वहिनींकडे नेला. बाई करायच्या तसंच केलं. वहिनींनी पदराला बोट पुसलं आणि कळ दाबली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "आणि लोकांच्या मोबाइलातलं?" याचं उत्तर तुमच्याकडे आहे. वर्तमानपत्राची ही पुरवणी बुऱ्हाणपुरात घरोघर येते. ज्याच्या फोनमध्ये ती क्लिप असेल त्याने ती आता पुसावी. बाईंसाठी हळहळण्यापेक्षा तेवढं करावं.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो वहिनींना त्यांच्या घरी वाचून दाखवला. मशीन थांबवून त्या ऐकत होत्या. दोन ठिकाणी म्हणाल्या, "हे काढ." मी काढलं, कारण विचारलं नाही. मग मलाच भीती वाटली. "वहिनी, नळाचंही काढू का? दीर वाचतील."

त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"नाही," म्हणाल्या. "ते राहू दे."