बिरामामांचं प्यादं

बिरामामा पटावर बसले की पहिली चाल कोणती होणार, हे आमच्या कार्यालयात चहा आणणाऱ्या बाईंनासुद्धा पाठ होतं. वजिरापुढचं प्यादं, एक घर. मग राजापुढचं प्यादं, तेही एकच घर. त्यांच्यामागे घोडे, उंट, राजा असे दाटीवाटीने बसायचे की थंडीत एका घोंगडीत चार भावंडं झोपलीत असं वाटावं. समोर कोणीही असो, सोंगट्या पांढऱ्या असोत की काळ्या, मामांचा डाव असाच सुरू व्हायचा. पहिल्यांदा प्यादं दोन घरं टाकता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. हात जायचा नाही, एवढंच.

मामा आमच्या सोलापूरच्या कार्यालयात जीप चालवायचे. गाव सांगोल्याच्या बाजूचं, घरात मेंढरं. खेळ शिकले चुलत्याकडून, तोही माळावर, खडकावर कोळशाने चौकटी आखून. "पांढरी म्हंजी गारगोट्या आन् काळी म्हंजी लेंड्या," मामा सांगायचे. "वाळलेल्या बरं का. डाव मोडला की द्यायच्या फेकून, पुन्यांदा हव्या तेवड्या मिळत्यात." त्या जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. शहरात आल्यावर मामांनी नवे नियम शिकून घेतले, किल्लेकोट करायला लागले, घड्याळ दाबायला लागले. ते पहिलं प्यादं मात्र चुलत्याचंच ऐकत राहिलं.

मी तिथे वरिष्ठ लिपिक आणि बुद्धिबळ संघाची कप्तान. संघ म्हणजे तीन माणसं: मी, लेखा शाखेतले एक अबोल गृहस्थ आणि मामा. माझी तऱ्हा मामांच्या अगदी उलट. मोबाइलवर डावाची एखादी नवी सुरुवात बघायची, दोन दिवस तिच्या प्रेमात पडायचं, हरले की तिसऱ्या दिवशी दुसरी धरायची. समोरच्याला आपला अंदाज येता कामा नये, हे माझं तत्त्वज्ञान, आणि ते मी सगळ्यांना ऐकवायचे. जेवणाच्या सुट्टीत डबे आवरून डाव मांडला की मामांना चिडवायचे, "मामा, जीप तरी कधी वेगळ्या रस्त्याने नेता का हो?"

"न्हाय मॅडम. खड्डं कुटं हायत ते म्हाईत हाय, मग रस्ता कशाला बदलू?" आणि तेवढ्यात शांतपणे माझा वजीर मारायचे.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या पहिल्या चार-पाच चाली मामा पटाकडे न बघता टाकायचे आणि तेवढा वेळ समोरच्या माणसाकडे बघायचे. तो सोंगटी आपटतो, की उचलून पुन्हा ठेवतो, की उगाच घसा खाकरतो. "पयल्या चाली हातानं होत्यात. डोळं मोकळं ऱ्हात्यात की," असं त्यांचं म्हणणं. मला ती पळवाट वाटायची. अहो, पुस्तक वाचायचा कंटाळा, दुसरं काय. असं मी मनात म्हणायचे, आणि आज त्याची लाज वाटते.

दर वर्षी सरकारी कार्यालयांच्या क्रीडा स्पर्धा व्हायच्या. आमचा संघ अंतिम फेरीपर्यंत जायचा आणि तिथे आपटायचा. मामांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, पण एकदा जीप पुसता पुसता म्हणाले, "जाताना त्यो कप हातात धरून एक फोटू काडला आसता." झालं. मी कंबर कसली. अंतिम फेरीत समोर नेहमीचाच संघ येणार होता, आणि त्यांच्या तिसऱ्या पटावरच्या साहेबांनी आदल्या वर्षी मामांच्या घोंगडीला कुठून भोक पाडायचं ते घरून शोधून आणलं होतं. मी ठरवलं, मामांची सुरुवात बदलायची.

आणि मी निवडलं काय, तर राजापुढचं प्यादं दोन घरं, लगेच उंटापुढचंही दोन घरं. ते दुसरं प्यादं समोरच्याला खाऊ द्यायचं आणि त्याने खाल्लं की आपण भराभर फौज बाहेर काढायची. मामा पटाकडे बघतच राहिले.

"आपलं मेंढरू आपुनच लांडग्याम्होरं सोडायचं व्हय?"

"मामा, त्याच्या बदल्यात आपल्याला वेळ मिळतो."

"तुमी म्हणताय तर सोडतो." त्यांनी मान हलवली, पण प्यादं सोडताना बोट त्याच्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिलं. महिनाभर रोज संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर आम्ही दोघांनी तेच घोटलं.

अंतिम फेरीत मी जिंकले, आमचे अबोल गृहस्थ हरले, आणि सगळं मामांच्या पटावर आलं. मामांकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या; त्यांनी ती दोन्ही प्यादी दोन-दोन घरं टाकली तेव्हा समोरचे साहेब चपापले. चांगली पाच मिनिटं कपाळ चोळत बसले आणि शेवटी त्यांनी उंटापुढचं ते प्यादं खाल्लं. इथवर माझं सगळं बरोबर. आता हल्ला करायचा. मामा करेनात. वजीर निघाला, घोडे निघाले, ते सगळे त्या एका प्याद्याची भरपाई करायला. अख्खी फौज पटाच्या एका कडेला गेली आणि इकडे राजा उघड्यावर पडला. मी लांब उभी राहून नखं खात होते. मामांनी राजा आडवा ठेवला, साहेबांशी हात मिळवला आणि बाहेर आले.

"गेलेलं मेंढरू हुडकत बसलो मॅडम," ते म्हणाले. "कळपाकडं बगायचंच ऱ्हायलं."

मेमध्ये त्यांचा निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. आमचे साहेब रंगात येऊन म्हणाले, "मामा जन्मभर एकच चाल खेळले, आणि नेमकं शेवटच्या दिवशी त्यांना भलतंच काहीतरी सुचलं." सगळे हसले. मीही हसले. ती चाल माझी होती हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तेही हसले.

मला ते हसणं वर्षभर सलत राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात सांगोल्याला एका लग्नाला गेले होते, ते आटोपून रिक्षा करून मामांच्या गावी पोचले. गावात टँकर आला होता, मामा घागरी भरून घेत होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला बोलणंच अवघड झालं. शेवटी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणून टाकलं, "मामा, ती चाल मी दिली होती. तेव्हाच सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं."

"आदी च्या घ्या," मामा म्हणाले. मग आतून पट आणला. एक पांढरं प्यादं हरवलं होतं, त्याच्या जागी गारगोटी. मामांनी राजापुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. मी चमकले. मग उंटापुढची ती गारगोटी, तीही दोन घरं. मी खाल्ली. मामांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. विसाव्या चालीच्या आत माझा राजा पडला.

"वरीसभर हीच खेळतोय, साळंतल्या गुरुजींसंगं," ते म्हणाले. "पयल्यांदी रोज हरायचो. त्या दिशी तुमी हसलात, पर मान खाली घालून. म्हटलं, बाईंना वाटतंय त्यांची चाल वंगाळ. ती वंगाळ न्हाय, ह्ये बगितल्याबिगर सोडायची न्हाय."

मामांनी सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या.

"तुमी हरलात की चाल बदलता मॅडम. कुटं हरलो त्ये कळायच्या आदीच बदलता. मी हरलो की तीच परत खेळतो, कळूस्तवर."

"आणि चुलत्यांचं प्यादं? ते सोडलंत?"

"त्ये कशाला सोडू? काळी आली की त्येच की." निघताना म्हणाले, "आता ही तुमी धरा. हराल. हरलात की फोन करा."

मी हरले आणि फोन केला. कशी हरले, कोणाकडून, हे मामा विचारायचे नाहीत. एकच प्रश्न, "कितव्या चालीला?" मला सांगता यायचं नाही. मग पुन्हा पट मांडून शोधायचं आणि पुन्हा फोन करायचा. पहिल्यांदा जिंकले तेव्हा मोठ्या उत्साहाने फोन लावला. पलीकडून आवाज आला, "मग कशाला केला? हरल्यावर करायचा ठरलं हुतं."

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मामा गेले. त्यांच्या सुनेने कळवलं. कार्यालयात दोन मिनिटं उभं राहून झालं, आणि मग साहेब आठवणी सांगता सांगता त्या शेवटच्या भलत्या चालीवर आले. लोक हलकेच हसले.

मी उठून उभी राहिले. "साहेब, ती चाल माझी होती," म्हटलं. "मी मामांना शिकवली, महिनाभर घोटून घेतली. मामा हरले ते माझ्यामुळे, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही."

चहाच्या बाई दारात ट्रे धरून थांबल्या होत्या. त्यांनीच हळूच विचारलं, "मग तवाच का न्हाय बोललात?"

मामा असते तर कितव्या चालीला, असं विचारलं असतं. या वेळी मला सांगता आलं. "निरोपाच्या दिवशी तुम्हा सगळ्यांबरोबर हसले ना," मी म्हणाले, "तिथे चुकले."