खाली आलेली पूररेषा

व्हॉल्व्ह फिरवायची हातभर लोखंडी चावी कायम खांद्यावर, म्हणून त्यांना सगळे चावीमामा म्हणत. एकतीस वर्षं पंपघरात गेली. बिऱ्हाडही पंपघराच्या माडीवरच. दोन वर्षांपूर्वी नदी खाली शिरली, पंप पाण्यातच चालणारे, पण ते चालवणारं विजेचं पॅनेल बुडालं आणि शहर अकरा दिवस नळाकडे बघत बसलं. दारात कंबरभर पाणी, प्यायला घोटभर नाही! लोकांनी शिव्या घातल्या त्या नदीला नाही, मामांना. शेजारची बाळंतीण रिकामी कळशी घेऊन आली होती. "मामा, बाळाची दूधपावडर कशात कालवू?" ते मामांच्या जिवाला लागलं. पुन्हा हे होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं.

हवामान बदललंय हे पुढे कार्यालयालाही कळलं. 'बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा आराखडा' आला. त्यात लिहिलं होतं, सर्व पॅनेल पूररेषेच्या वर असावीत. गेल्या पुराची लाल रेषा भिंतीवर होतीच आणि पॅनेल तिच्या दोन हात खाली. आता पॅनेल उचलायला सात टेबलांची मंजुरी लागते, रंगाऱ्याला एकाच टेबलाची. साहेबांनी रेषाच खाली घेतली. फायलीवर शेरा पडला: 'जुळवून घेतले.'

"पण साहेब, नदीला कुणी सांगायचं?" मामांनी विचारलं.

"परिपत्रकाची एक प्रत लावा की दारावर."

मामांनी कपाळाला हात लावला. मंजूर जागेवरून पॅनेल हलवलं तर नोकरी जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी रविवारी वायरमनला गाठलं, वीज बंद केली आणि दोघांनी मिळून पॅनेल माडीवर चढवलं. घरात जागा एकच, कपाटाची.

"एकतीस वर्षं बाहेर संसार केलात, आता सवत घरातच आणलीत?" बायको कडाडली. बोलायचं तेवढं बोलली आणि साड्या काढून कपाट तिनेच रिकामं केलं. ते खाली पॅनेलच्या जागी गेलं. तिथे काहीतरी लोखंडी, राखाडी दिसणं भाग होतं. पाहणीला आलेल्या साहेबांनी कपाटाच्या आरशात भांग नीट केला आणि लिहिलं, 'पॅनेल सुस्थितीत.'

मग एकदा भलत्याच महिन्यात नदी आली. लाल रेषेकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. कपाट आरशासकट बुडालं. माडीवर पॅनेल गुणगुणत होतं आणि मामा तीन दिवस त्याच्या उशाशी बसून होते, आजारी लेकराजवळ बसावं तसे. शहरात एकही नळ कोरडा पडला नाही. त्या बाळंतिणीच्या घरची कळशी नळाखाली वाजली तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौथ्या दिवशी चिखल तुडवत साहेब माडी चढून आले. हातात नोटीस होती: 'पॅनेल पाण्याखाली असताना नळाला पाणी कसे आले, याचा लेखी खुलासा करावा.'

बायकोने तांब्या पुढे केला. साहेबांना दम लागला होता. गटागटा प्याले, मिशा पुसल्या.

"पाणी छान आहे हो. हं, लिहा आता."

मामांनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं: 'पॅनेल मंजूर जागी नव्हते, हे मान्य. असते, तर साहेब आत्ता तहानलेले असते.'