शार्कसाठी भवरकडी

सर्जेरावांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मोटारीची लाईट सहाला यायची आणि त्याआधी विहिरीतून वर यावं लागायचं. पंपाच्या पाइपाच्या तळाशी फुटव्हॉल्व असतो. त्यात पाला, चिंध्या, खेकडे अडकले की पाणी चढत नाही. वडगाव निंबाळकरच्या शिवारात असं झालं की निरोप सर्जेरावांना जाई. ते कमरेला दोर बांधून उतरत, एका दमात दीड मिनिट तळाशी राहत आणि गाळ न ढवळता काम उरकून वर येत. गाळ ढवळला की काही दिसत नाही आणि तीच बुडी पुन्हा मारावी लागते. छत्तीस वर्षांत अशा वाया गेलेल्या बुड्या थोड्याच, पण त्यांना त्या एकेक आठवतात.

लेक वैदेही बारामतीत प्राणीशास्त्र शिकली आणि लक्षद्वीपच्या एका बेटावर शार्कवर संशोधन करायला गेली. आप्पासाहेबांच्या विहिरीत सर्जेराव सगळ्यात जास्त वेळा उतरलेले. आप्पासाहेब काठावरून टोमणा मारीत, "सर्जेराव, पोरगी इतक्या लांब माशामागं धाडली. हितं उजनीत मासं न्हाईत व्हय?"

"हायत की. पर त्येंची समदी माहिती तुमालाच हाय. तिनं काय शोधायचं?"

वैदेहीचं काम असं. प्रवाळाच्या कड्याआड, उथळ पाण्यात शार्कची पिल्लं वाढतात. हातभर लांब, पंखांची टोकं काळी. पिल्लू धरायचं, पोटात बोटाच्या पेराएवढा टॅग बसवायचा, टाका घालून सोडून द्यायचं. टॅग ठरावीक वेळानं आवाज करतो. पाण्यात ठेवलेला रिसीव्हर तो ऐकतो आणि कोणतं पिल्लू कधी आलं, कधी गेलं, हे टिपून ठेवतो. असे पाच रिसीव्हर होते. नोंद त्यांच्या पोटातच राहते. रिसीव्हर वाहून गेला की वर्ष वाहून गेलं.

जूनच्या लाटांत चार गेले.

जुलैत वैदेही घरी आली ती तुटक्या दोराचा तुकडा घेऊन. आईनं, विमलनं, वाढलेलं ताट तिनं तसंच ठेवलं.

"माझ्या गाईड बाईंनी आणखी एकच वर्ष दिलंय, आबा. या खेपेला गेले तर अभ्यास बंद. तीन वर्षं पाण्यात."

सर्जेरावांनी तुकडा उजेडात धरला. टोकाला धागे पिंजले होते. "ह्यो तुटला न्हाय. घासलाय. बांधला कसा हुतास?"

"प्रवाळाच्या दगडाला दोन वेढे, वर गाठ. ओढून ताठ. तुमी विहिरीत बांधता तसाच."

"विहिरीचं पाणी हुबं असतं, छकुली. समुद्राचं चालतं. तू समुद्राला विहीर समजून बांधलंस."

"तुमीच शिकवलंत की!"

"मग चूक माझी. निस्तरायची बी मीच. जेव आधी."

दुसऱ्या दिवशी ते इंदापूरच्या बाजारात गेले आणि गुरांच्या साखळ्या घेऊन आले. प्रत्येक साखळीत एक भवरकडी. शेळी खुंट्याभोवती कितीही फिरली तरी ही कडी फिरत राहते आणि साखळीला पीळ बसू देत नाही. लाटेनं रिसीव्हर गरगरला तरी तसंच व्हायला हवं होतं. घमेल्यात काँक्रीट ओतून त्यात लोखंडी कडं बसवलं. कड्याला साखळी, साखळीला दोर, दोरावर रिसीव्हर आणि त्याच्या वर त्याला उभा धरणारा तरंगता डबा. दोर जिथं लोखंडाला टेकतो तिथं ठिबकच्या नळीचा तुकडा ओवला.

"आता दगडाला बांधायचं न्हाय," ते म्हणाले.

"नकोच. प्रवाळ जिवंत असतं, दोरानं मोडतं. वाळूतच ठेवीन."

पण अंदाजावर काम सोडायची त्यांची रीत नव्हती. नरसिंहपूरला नीरा-भीमेच्या संगमात दोन बाजूंनी ओढ असते. धरणाचं पाणी सुटण्याआधी त्यांनी तिथं एक नमुना उतरवला. रिसीव्हरच्या जागी वाळू भरलेला पाइप होता. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर वजन तीस पावलं ओढलं गेलं होतं. गाठ शाबूत, दोर शाबूत, वजन कमी.

"जमलं की बरंचसं," वैदेही म्हणाली.

"बरंचसं जमलेलं वाहून जातं."

त्यांनी दोन घमेल्यांचं एक वजन ओतलं. दुसऱ्या वेळी संगमाला पंधरा दिवस पूर होता. सर्जेराव बुडी मारून वर आले, तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, "बोटभर हललं न्हाय. न्हे आता."

ऑक्टोबरात वैदेहीनं जुना एक आणि बाईंनी मिळवलेले चार रिसीव्हर तसेच बसवले. पुढचा पावसाळा सर्जेराव विहिरींत उतरत राहिले. बेटाबद्दल त्यांनी फोनवर एकदाही विचारलं नाही. फक्त वाऱ्याची बातमी लागली की हातातलं काम थांबायचं.

सप्टेंबरअखेर फोन आला.

"आबा! पाचबी जागेवर हायत! एकबी हललेला न्हाय!"

"दोर घासलाय का?"

"न्हाय हो! चार काढले, वर्षाची नोंद आली. अकरा नंबरचं पिल्लू रोज भरतीसंगं आत येतं, ओहोटी लागायच्या आत भाईर. एक दिवस चुकलं न्हाय."

"म्हंजे त्येलाबी लाईटीची येळ पाळावी लागती तर." मग त्यांनी विचारलं, "पाचवा का न्हाय काढलास?"

"त्यो तुमी काढायचा."

बेटाचा परवाना यायला डिसेंबर लागला. विमलनं दशम्या बांधून दिल्या. आप्पासाहेब एसटीपर्यंत आले. "सर्जेराव, माझा फुटव्हॉल्व अडला तर?"

"मग तुमी उतरा. म्हंजे मजुरी कशाची असती ते कळंल."

बेटावर वैदेही पाठीवर सिलिंडर बांधून उतरली. सर्जेराव एका दमावर. तीन पुरुष खोल पाणी, पण वरून तळ दिसत होता. असं पाणी त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. वजन वाळूत रुतून बसलेलं. साखळी सरळ. भवरकडीवर हिरवं शेवाळ, तरीही हलकेच फिरणारी. त्यांनी हात पुढं केला आणि थांबले. हातभर लांबीचं एक पिल्लू, पंखांची टोकं काळी, दोराला वळसा घालून गेलं. परत आलं, पुन्हा वळसा घालून गेलं. सर्जेरावांनी वाळूचा कणही ढवळला नाही. दीड मिनिट सरत आलं तेव्हाच त्यांनी कडी सोडवली आणि रिसीव्हर छातीशी धरून वर आले.

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या विहिरींत उतरून मिळवलेल्या मजुरीतून त्यांनी पाच साखळ्या आणि पाच भवरकड्या घेतल्या होत्या. उरलेल्यातून कोचीची रेल्वे आणि पुढचं जहाज, असं एका माणसाचं तिकीट निघालं.