तेल न घातलेली चाकं

जायच्या आदल्या संध्याकाळी भाऊनं मला विचारलं होतं, ‘‘पोळा कधी?’’ दवाखान्याच्या खाटेवर, सुई टोचलेला हात पोटावर सांभाळून धरत, माझ्याकडे नाही तर वरच्या पंख्याकडे बघत. कुणाच्या तोंडाकडे बघून तो बोलतच नसे. मी म्हटलं, ‘‘दूर आहे अजून. आधी आखाडीचा सण व्हायचा आहे.’’ त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले. सकाळी एक तरुण डॉक्टर व्हरांड्यात आले, झोपेतच हृदय थांबल्याचं त्यांनी सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘तसेही ते जन्मापासूनच असे... म्हणजे तुम्हालाही त्रासच होता ना?’’ पोरगं रात्रभराचं जागं होतं, त्याच्यावर कशाला चिडायचं? पण पुढच्या दिवसांत मला भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं तेच वाक्य आणलं. ‘‘सुटला बिचारा.’’ आणि पाणी पिऊन उठता उठता, माझ्या पाठीवर हात ठेवून, ‘‘तू बी सुटली बाई.’’

मनोहर माझा सख्खा मोठा भाऊ. त्याला ऑटिझम होता. मी लग्न केलं नाही, पोस्टात नोकरी केली, आणि आई गेल्यावर त्याला सिंदीहून वर्ध्याला, नालवाडीतल्या माझ्या घरी आणलं. लग्न न करण्याचं कारण भाऊ नव्हता, मला एकही मुलगा पसंत पडला नव्हता. पण लोकांना त्यागाची गोष्ट जास्त आवडते, म्हणून ती माझ्यामागे तशीच चालत राहिली. त्या गोष्टीचा शेवट ‘सुटली’ असाच व्हायला हवा होता ना! मला सुटायचं नव्हतं. घर इतकं गप्प झालं होतं की कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकत होते, कारण शिट्टी व्हायच्या आधी गॅस बंद करायची सवय मला भाऊनंच लावली होती. त्याला तो आवाज सहन होत नसे. मला कुणाचं सांत्वन नको होतं. फक्त एका तरी माणसानं म्हणावं, की मलाही त्याची आठवण येते... एवढीच हाव होती.

लहानपणी सिंदीत त्याच्या असण्याला नाव नव्हतं. नाव नव्हतं म्हणून ज्याला जे सुचेल ते तो सुचवी. कुणी म्हणे, नजर चोरते, पोटात काहीतरी काळं आहे. कुणी ताईत बांधला. मास्तरांनी त्याला मागच्या भिंतीशी बसवलं आणि विसरून गेले. मोठा झाल्यावर तर रामबाण उपाय निघाला, ‘‘लगन करून द्या, येते अक्कल!’’ आईनं त्यावर, ‘‘तुमचं झालं ना, तुमाले आली का?’’ असं विचारल्यावर तो उपाय मागे पडला. पण त्याच गावाला हळूहळू त्याची सवयही झाली. स्टेशनजवळचा चहावाला त्याच्या हातात ग्लास देत नसे, ओट्यावर ठेवून बाजूला होई. हातातून हातात वस्तू घेणं भाऊला जमत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून समजलं होतं.

आणि तान्हा पोळा होता. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा भरतो. मुलं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत आणतात, आणि मग दारोदार नेतात. दारी आलेल्या बैलाला ओवाळायचं आणि मुलाच्या हातावर काही ना काही ठेवायचं. त्याला बोजारा म्हणतात. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी सुताराकडून भाऊसाठी एक बैल करवून घेतला होता, गुडघ्याएवढा, चार चाकांचा, एक शिंग किंचित वाकडं. वर्षभर ज्याला कुठल्याच रांगेत जागा नव्हती, तो त्या दिवशी सगळ्यांसोबत रांगेत उभा राही. बरोबरीची मुलं मोठी झाली, बैल माळ्यावर गेले, त्यांची मुलं रांगेत आली, आणि भाऊ तिथंच. सिंदीत कुणाला त्याचं नवल राहिलं नव्हतं. चाकं मात्र भयंकर कुरकुरत. ‘‘मनोहर, तेल टाक ना बाबू चाकाले,’’ असं दर वर्षी कुणीतरी म्हणे. फटाक्यांनी, ढोलांनी कान दाबून खाली बसणाऱ्या माझ्या भावाला तो एक आवाज प्रिय होता. एकदा बाबांनी गुपचूप तेल घातलं, तर त्यानं दिवसभर चाकं राखेनं घासली.

नालवाडीतला आमचा ले-आउट, म्हणजे घरांची वसाहत, नवा, सगळे कुठून कुठून आलेले, आणि सगळे शिकलेले. तिथं भाऊ लगेच दिसला. फाटकाशी उभा राहून तो आनंदानं हात झटके, तेव्हा समोरची आई मुलांना घरात बोलावून घेई. ‘‘ते काय करून राह्यले?’’ असं मला दबक्या आवाजात विचारलं जाई. नागपूरच्या डॉक्टरीण बाईंनी ऑटिझम हे नाव सांगितलं, तेव्हा मला वाटलं, चला, आता निदान सांगायला एक शब्द मिळाला. मी तो शेजारीपाजारी सांगितलाही. तेव्हापासून लोक त्याच्याशी सावकाश, मोठ्यानं आणि अतिगोड बोलू लागले, जणू तो पाळण्यात आहे. एक निवृत्त गृहस्थ तर खास भेटायला आले. ‘‘टीव्हीवर दाखवतात, अशी माणसं गणितात फार हुशार असतात,’’ म्हणाले, आणि भाऊला मोठमोठे गुणाकार घालू लागले. भाऊ त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत बसला. गृहस्थ जाताना इतके हिरमुसले होते, की मलाच वाटलं आपण यांची फसवणूक केली.

पहिल्याच वर्षी तान्ह्या पोळ्याच्या मंडळानं सांगितलं, हा लहान मुलांचा कार्यक्रम आहे, मुलं घाबरतात. भाऊ वाद घालत नसे. त्यानं बैल वळवला आणि सरळ दारोदार निघाला. मी मागून. चाकांची कुरकुर ऐकून काही घरांत टीव्हीचा आवाज वाढला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दारं बंद राहिली. भाऊ प्रत्येक दारापुढे बैल जरासा मागेपुढे करी, थांबे, आणि पुढे जाई. कुठलीही बेल तो वाजवत नसे, त्या पक्ष्यासारख्या किलबिलणाऱ्या बेल त्याला नकोशा होत. शेवटचं घर आमच्या कुंपणापलीकडच्या रामटेकेबाईंचं, निवृत्त नर्स, एकट्या राहतात. त्यांच्या दारावर बुद्धाची तसबीर आहे. मला संकोच वाटला, मी भाऊला मागे ओढायला गेले, तेवढ्यात दार उघडलं. बाईंनी भाऊकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं. ‘‘आमच्या घरी पोळा नसते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण दारी आलेल्याले रिकामं पाठवत नसतो आमी. थांबा भाऊ.’’ आत जाऊन त्यांनी वाटीभर फुटाणे आणले. भाऊनं हात पुढे केला नाही. बाईंनी क्षणभर त्याच्या हातांकडे पाहिलं, वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि एक पाऊल मागे सरकल्या. मला सिंदीचा चहावाला आठवला आणि माझे डोळे भरून आले.

मग ते दार भाऊचं झालं. पुढे आणखी दोन-तीन दारं उघडू लागली, बाकीची नाही उघडली ती नाहीच. ‘‘पोळा कधी?’’ हा प्रश्न भाऊ वर्षभर सगळ्यांना विचारी. लोक त्याचं मन राखायला हसून सांगत, ‘‘उद्या!’’ आणि दुसऱ्या दिवशी भाऊ पहाटेपासून नवा सदरा घालून बसे. त्याला समजावता समजावता माझा जीव जाई. रामटेकेबाई कुंपणापलीकडून झाडांना पाणी घालता घालता खरं तेच सांगत, ‘‘दूर आहे भाऊ अजून.’’

त्याला माया नव्हती असं ज्यांना वाटतं, त्यांना मी काय सांगू? एकदा मी तापानं फणफणले होते. भाऊनं कधी माझ्या कपाळाला हात लावला नाही, कशी आहेस म्हणून विचारलं नाही. पण जाग आली तेव्हा तो बैल माझ्या उशाशी होता, दाराकडे तोंड करून. जो बैल तो मला पुसूही देत नसे, तो माझी राखण करत उभा होता. उतार पडल्यावर भाऊ मुकाट्यानं येऊन त्याला घेऊन गेला.

यंदाचा तान्हा पोळा भाऊशिवाय आला. सकाळभर मी बैलाकडे बघायचं टाळलं. दुपारी राहवेना. आईनं शिवलेली झूल त्याच्या पाठीवर टाकली, दोरी हातात घेतली आणि बाहेर पडले. पांढऱ्या केसांची बाई, लाकडी बैल ओढत... रस्त्यावर स्कूटरवरची एक बाई माझ्याकडे बघून हळू झाली आणि मग घाईनं दुसरीकडे बघू लागली. कुणीतरी फाटकातून, सावकाश आणि अतिगोड आवाजात विचारलं, ‘‘काकू, बऱ्या आहात ना?’’ तो आवाज मला चांगला ओळखीचा होता. इतकी वर्षं मी भाऊच्या मागून चालत होते, तेव्हा हे सगळं दिसत होतं. अंगाला लागलं ते आज. आणि माझा भाऊ हे रोज अंगावर घेऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाशी जाऊन उभा राहत होता.

रामटेकेबाईंच्या दारापुढे मी बेल वाजवली नाही. बैल जरासा मागे घेतला, पुढे केला. चाकं कुरकुरली.

‘‘आली, आली! थांबजा भाऊ, येऊन राह्यली!’’ आतून हाक आली. पावलं लगबगीनं निघाली... आणि घराच्या मध्येच कुठंतरी थांबली. दार उघडलं तेव्हा बाईंच्या हातात फुटाण्यांची वाटी होती आणि डोळ्यांना पदर.

‘‘चाकं वाजले अन् मी उठलीच बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फुटाणे कालच आणून ठेवले होते. काऊन आणले, मलेच माईत नाई. लय याद येते हो भाऊची.’’

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली नाही. उंबऱ्यावर ठेवली आणि एक पाऊल मागे सरकल्या. आम्ही दोघी तिथंच पायरीवर बसलो, मधे बैल, आणि पोटभर रडलो. बारा-तेरा दिवसांच्या सगळ्या विधींत मला जे रडू आलं नव्हतं, ते तिथं आलं.

बैल आता समोरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून असतो. चाकांना तेल घातलेलं नाही. परवा संध्याकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. कुंपणापलीकडे बाई नळी धरून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाल्या, ‘‘कुंदाताई, पोळा कधी?’’

मी म्हटलं, ‘‘दूर आहे अजून.’’