थंड कामाची ऐरण

बायको पसंत करायला तेजराम कसाराला एक दुपार पुरली होती. ऐरण पसंत करायला पाच महिने लागले. यावरून बालाघाटात त्याची पुष्कळ टर उडाली, पण हसणाऱ्यांना काय जातंय हसायला! लोहाराचं काम गरम. लाल झालेलं लोखंड मऊ असतं, ऐरण थोडी खडबडीत असली तरी भागून जातं. तेजराम पितळेच्या पत्र्यावर थंडच ठोकायचा. वेली, मोर, कमळं. आणि थंड पत्रा महा चुगलखोर. खालच्या ऐरणीला तिळाएवढा खड्डा असला, की तो पत्र्यावर उमटलाच म्हणून समजा.

तेजरामकडे ऐरण म्हणून होता बापाच्या वेळचा रुळाचा तुकडा, ठोकून ठोकून खोलगट झालेला. सदुसष्ट साली गोंदियाच्या भांडेवाल्यानं त्याची दोन डझन ताटं परत पाठवली. वर निरोप : "ताटांच्या पाठीवर देवीचे वण आहेत. पुन्हा अशी आली तर काम दुसऱ्याला देईन." काम गेलं, तर राईस मिलमध्ये पोती उचलण्यावाचून गत नव्हती. तेजरामच्या त्या काडीसारख्या हातांकडे बघून हा पोती उचलेल असं कोणीही म्हटलं नसतं.

म्हणून पाच महिने तो खिशात एक पोलादी छर्रा घेऊन हिंडला. ऐरण दिसली, की वीतभर वरून छर्रा सोडायचा. कडक ऐरण त्याला वर उडवते, मऊ ऐरणीवर तो जिथल्या तिथे बसतो. कटंगीच्या बाजारात बिडाची एक ऐरण होती. हातोडीच्या पहिल्याच टोल्याला तिच्या कोपऱ्याचा टवका उडाला, आणि दुकानदार भांडायला उठला तो वेगळाच. लांजीच्या फकिरा लोहाराची ऐरण खणखणीत वाजली, पण तिच्या तोंडावर छिन्नीचे घाव.

"घासून घे ना भाऊ," फकिरा म्हणाला.

"घासली का वरचा कडक थर निघून जाते," तेजराम म्हणाला. फकिरानं कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी सापडली ती गावाच्या कडेला, बाबूलालच्या अंगणात. बाबूलाल म्यांगनीजच्या खाणीत फिटर. लिलावात घेतलेल्या जाड शाफ्टचा तुकडा त्यानं हौसेनं घडवला होता, तापवून तेलात विझवून कडक केला होता आणि वरून आरशासारखा घासला होता. तेजरामनं छर्रा सोडला. टण्णकन उडाला तो थेट कोंबड्यांत! कानस फिरवून पाहिली, तर कानस नुसती घसरली. तेजरामच्या अंगावर काटा आला.

"घेऊन जा," बाबूलाल म्हणाला. "माह्या इथं पडूनच हाय. तुमच्या हाती कामाले येईन."

शनिवारी ऐरण घरी आली. रविवारी सकाळच्या गाडीनं तेजराम पत्रा आणायला गोंदियाला गेला आणि दिवस मावळायच्या आत परतला. बघतो तर अंगणात राखेचा ढीग, आणि ढिगात ऐरण. काळीठिक्कर, अंगाचे पापुद्रे सुटलेली.

"माय! हे काय केलं वं?"

त्याची आई दुर्गाबाई निवांत राख सारत होती. "काहून ओरडून राह्यला? त्यायच्या घरचा जिन्नस, घरात तसाच कसा घेऊ? दिवसभर गोवऱ्यांत भाजली. आता झाली शुद्ध."

बाबूलाल बौद्ध. त्यांच्या वस्तीतून आलेली धातूची वस्तू दुर्गाबाईच्या घरात विस्तवातून काढल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. हा तिच्या सासूनं घालून दिलेला शिरस्ता. लोटा असता, तर काही बिघडलं नसतं. पण अहो, ही कडक केलेली ऐरण! अशी मंद आगीत दिवसभर भाजून निवू दिली, की तिचा सगळा कडकपणा उतरतो.

तेजरामला खरंच वाटेना. त्यानं राख पुसली, हातोडी उचलली आणि एक टोला मारला. थद्द. हातोडी उसळलीच नाही, आणि ऐरणीच्या तोंडावर नखाएवढा खड्डा पडला. तेजरामचा चेहरा बघून दुर्गाबाई घाबरली. "चिंच लावून घासून देऊ का रे?" तिनं विचारलं.

पुन्हा कडक करून देईल असा माणूस त्याच्या माहितीत एकच होता. सोमवारी ऐरण सायकलला बांधून तेजराम त्याच अंगणात जाऊन उभा राहिला. रस्ताभर त्यानं खोटं रचलं होतं : गोठ्याला आग लागली, ऐरण नेमकी तिथंच होती.

बाबूलालनं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि त्याचं तोंड उतरलं. "हे आगीत गेलती. कोणं घातली?"

"मायनं."

"काहून?"

गोठा घशातच अडकला. "तुमच्या घरची म्हणून," तेजराम म्हणाला.

दारात उभी असलेली बाबूलालची बायको पुष्पलता आत निघून गेली. आता हा शिव्या घालील, हाकलून देईल, असं तेजरामला वाटलं. हाकललं असतं तर बरं झालं असतं. बाबूलालनं ऐरण उचलली आणि छपरीत नेऊन ठेवली.

"बुधवारी घेऊन जा. होईन पहिल्यावाणी." मग तो वळला. "एक सांगा भाऊ. शनिवारी तुमी इथं बसून चहा पेले. ऐरण तं गोवऱ्यांत घातली. तुमाले काय केलं?"

तेजराम हादरला. कारण तोवर त्याला ते आठवलंच नव्हतं. शनिवारी माय दाराशी बादली घेऊन उभी होती, आणि हा काही न विचारता, सवयीनं, तिच्यापुढे वाकला होता. काल तिच्यावर ओरडतानाही ते त्याच्या मनात आलं नव्हतं.

"आंघोळ घातली," तो म्हणाला. "अन् म्या घालू देली."